यादी कुठून येते? थंडरबर्डच्या सारांश-फायली आणि फोल्डरची साठवलेली मांडणी

थंडरबर्ड या ईमेल-प्रोग्रॅममध्ये दहा वर्षांची पत्रे साठलेला इनबॉक्स उघडला, तरी पत्रांची यादी पाते लवते न लवते तोच पडद्यावर येते. त्या वेळी थंडरबर्डने एकही पत्र वाचलेले नसते. विषय, पाठवणारा, तारीख, आकार, पत्र वाचले की नाही, कोणते पत्र कशाचे उत्तर आहे, एवढ्याच गोष्टी एका वेगळ्या वहीत टिपलेल्या असतात आणि यादी त्या वहीवरून मांडली जाते. ही वही म्हणजे ‘एमएसएफ’ असा प्रत्यय असलेली फाइल. ‘मेल समरी फाइल’चे ते लघुरूप. यादी बिघडली की ‘एमएसएफ फाइल उडवून टाका, ती आपोआप पुन्हा तयार होते’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुतांशी बरोबर आहे. परंतु त्या वहीतल्या काही नोंदी मूळ पत्रांवरून पुन्हा काढता येतात, तर काही फक्त त्याच वहीत असतात आणि वही गेली की त्याही जातात. कोणत्या नोंदी कोणत्या प्रकारच्या आहेत हे ओळखून दुरुस्ती कशी करावी, ते येथे पायरीपायरीने सांगितले आहे.

फायलींची व सेटिंग्जची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत दिसतील आणि टंकायचीही त्याच लिपीत आहेत.

पहिली पायरी: प्रोफाइल शोधणे आणि प्रत घेणे

थंडरबर्ड आपला सगळा संसार प्रोफाइल नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याचा पत्ता पाठ करण्याची गरज नाही. ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ हे पान उघडल्यावर ‘प्रोफाइल फोल्डर’ या ओळीसमोर एक बटण दिसते. ते दाबले की फोल्डर उघडतो. विंडोजवर तो वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’मधील ‘रोमिंग’ फोल्डरात, ‘थंडरबर्ड’ आणि मग ‘प्रोफाइल्स’ यांच्या आत असतो. लिनक्सवर घरच्या डिरेक्टरीत टिंबाने सुरू होणाऱ्या ‘थंडरबर्ड’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतो.

फोल्डर सापडल्यावर थंडरबर्ड पूर्णपणे बंद करावा आणि त्यानंतरच प्रोफाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. चालू थंडरबर्डखालून घेतलेली प्रत कामाची नसते, कारण सारांश-फाइलमध्ये करायचे काही बदल तेव्हा केवळ मेमरीत असतात आणि डिस्कवरची फाइल अर्धवट असते. खिडकी मिटली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असे समजू नये. मोठ्या फोल्डरांचे आवरणे खिडकी मिटल्यावरही काही क्षण चालू राहते, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये एकदा नजर टाकलेली बरी. प्रत घेताना फायलींची शेवटच्या बदलाची वेळ जशीच्या तशी राहील अशी पद्धत वापरावी. त्याचे कारण पाचव्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: मूळ फाइल कोणती, टिपण कोणते

प्रोफाइलमध्ये दोन फोल्डर महत्त्वाचे आहेत. ‘मेल’ या फोल्डरात पॉप पद्धतीच्या (पत्रे संगणकावर उतरवून घेणाऱ्या) खात्यांची पत्रे आणि ‘लोकल फोल्डर्स’ असतात, तर ‘आयमॅपमेल’मध्ये आयमॅप (मूळ पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या) खात्यांसाठी सर्व्हरगणिक एकेक उपफोल्डर असतो. त्यांपैकी एखादा उघडला की प्रत्येक टपाल-फोल्डरासाठी साधारण तीन वस्तू दिसतात. पहिली प्रत्यय नसलेली फाइल, उदाहरणार्थ नुसती ‘इनबॉक्स’. दुसरी ‘इनबॉक्स.एमएसएफ’. तिसरी, आत उपफोल्डर असतील तरच दिसणारी ‘इनबॉक्स.एसबीडी’ ही डिरेक्टरी.

प्रत्यय नसलेली फाइल एमबॉक्स या जुन्या युनिक्स पद्धतीची असते. सगळी पत्रे एकापाठोपाठ एक, साध्या मजकुराच्या रूपात, एकाच लांबलचक फाइलमध्ये असतात आणि ‘फ्रॉम’ या शब्दाने व त्यापुढच्या मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ आली की नवे पत्र सुरू झाले असे मानले जाते. एवढ्या लांब फाइलमधले पंधरा हजारावे पत्र कुठे आहे हे शोधायला दर वेळी पहिल्या ओळीपासून वाचत जावे लागू नये, म्हणून सारांश-फाइल जन्माला आली. ही कल्पना थंडरबर्डच्याही आधीची आहे: नेटस्केपच्या टपाल-प्रोग्रॅममध्ये हेच काम ‘एसएनएम’ प्रत्ययाच्या फायली करत असत.

मूळ फाइलमध्ये पत्राच्या मजकुराबरोबर थंडरबर्डने स्वतः घातलेल्या काही ओळी असतात आणि दुरुस्तीची सगळी मदार त्यांच्यावर असते. ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ या ओळीत सोळाच्या पायातले चार अंक असतात: वाचलेल्या पत्राला १, उत्तर दिलेल्याला २, तारांकिताला ४ आणि काढून टाकलेल्याला ८. या किमतींची बेरीज लिहिली जाते, म्हणून वाचलेल्या आणि तारा लावलेल्या पत्रासमोर ०००५ दिसते, तर वाचून काढून टाकलेल्या पत्रासमोर ०००९. काढून टाकलेले पत्र फाइलमध्ये तसेच पडून असते, हे यावरून लक्षात येईल. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच ते खरोखर जाते. पत्राला लावलेले टॅग ‘एक्स-मोझिला-कीज’ या ओळीत असतात, आणि त्या ओळीत पुढे मुद्दाम ऐंशी रिकाम्या जागा सोडलेल्या असतात, जेणेकरून नंतर टॅग लावल्यास सगळी फाइल पुढे सरकवावी लागू नये. कोरा फॉर्म छापताना नावासाठी रेघ लांब सोडतात, तसाच हा प्रकार. आधी पाहिले तेव्हा मला ही नुसती उधळपट्टी वाटली होती. दोन-तीन जीबीच्या फाइलच्या मधोमध एक शब्द घुसवायला काय खर्च येतो हे लक्षात आल्यावर मत बदलले.

मराठी नावांच्या फोल्डरांबद्दल एक सूचना. आयमॅप सर्व्हरवर ‘बिले’ किंवा ‘सोसायटी’ असा फोल्डर केला असेल, तर ‘आयमॅपमेल’मध्ये त्या नावाची फाइल शोधून सापडणार नाही. आयमॅपमध्ये फोल्डरांची नावे यूटीएफ-७ या अक्षरे सांकेतिक रूपात लिहिण्याच्या पद्धतीच्या एका बदललेल्या रूपात लिहिण्याची पद्धत आहे आणि डिस्कवरही नाव त्याच रूपात येते: आधी अँपरसँडचे चिन्ह, मग ‘सी’ या रोमन अक्षरापासून सुरू होणारी अगम्य अक्षरांची माळ आणि शेवटी आडवी रेघ. अशी फाइल बिघडलेली समजून कोणीही पुसू नये. कोणती कोणाची हे कळत नसेल, तर थंडरबर्डमध्ये त्या फोल्डरावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे त्याचा पूर्ण पत्ता दिसतो.

तिसरी पायरी: एमएसएफ फाइलच्या आत पाहणे

ही पायरी ऐच्छिक आहे, तरी ती एकदा करून पाहावी, कारण त्यानंतर पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात. मूळ फाइलला हात न लावता, घेतलेल्या प्रतीतली एखादी लहान एमएसएफ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी.

समोर येतो तो मजकूर ‘मॉर्क’ या रचनेत लिहिलेला असतो. नेटस्केपमध्ये असताना डेव्हिड मॅककस्कर यांनी ही रचना केली. पहिल्याच ओळीत ‘मॉर्क’ हे नाव आणि आवृत्तीचा आकडा १.४ दिसतो. फाइल मजकुराची असूनही वाचायला अवघड आहे, याचे कारण तिची काटकसर. वारंवार येणारे शब्द आरंभी एका कोशात लिहिले जातात, प्रत्येकाला सोळाच्या पायातला एक क्रमांक दिला जातो आणि पुढे सगळीकडे शब्दाऐवजी तो क्रमांकच येतो. म्हणून ‘सब्जेक्ट’, ‘सेंडर’, ‘डेट’, ‘फ्लॅग्ज’, ‘मेसेज थ्रेड आयडी’ ही रकान्यांची नावे फाइलच्या डोक्याशी एकदाच भेटतात आणि खाली फक्त कंसांचे व आकड्यांचे जंगल उरते. इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचे अक्षर आले तर त्याचा प्रत्येक बाइट डॉलरचे चिन्ह आणि दोन अंक असा लिहिला जातो. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचे असते, त्यामुळे येथे ते नऊ चिन्हे खाते.

मॉर्कची दुसरी लकब अशी, की बदल झाला तर जुनी नोंद खोडून तेथेच नवी लिहिली जात नाही. बदल फाइलच्या शेवटी जोडला जातो, आणि प्रत्येक जोड ‘अ‍ॅट’ व डॉलरच्या चिन्हांनी बनलेल्या कुंपणात बंदिस्त असते. फाइल वाचताना थंडरबर्ड वरपासून खालपर्यंत जातो आणि शेवटची नोंद खरी धरतो. वाया गेलेली जागा फार झाली की सगळी फाइल नव्याने, आटोपशीर लिहिली जाते. त्यामुळे दोन सारख्याच फोल्डरांच्या एमएसएफ फायलींचे आकार वेगवेगळे असणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे. फायरफॉक्सनेही पूर्वी भेट दिलेल्या पानांची नोंद मॉर्कमध्येच ठेवली होती; २००८च्या तिसऱ्या आवृत्तीत ती एसक्यूलाइट या डेटाबेसवर गेली. थंडरबर्डची पत्त्यांची वही २०२०च्या ७८व्या आवृत्तीत त्याच वाटेने गेली. फोल्डरांचे सारांश मात्र मागे राहिले.

चौथी पायरी: मांडणीची नोंद ओळखणे

एमएसएफ फाइलमधील माहितीचे स्थूलमानाने तीन थर पडतात, आणि या लेखाचा सगळा जीव या तीन थरांत आहे.

पहिला थर पत्रांच्या ओळींचा. प्रत्येक पत्राची एक ओळ आणि तीत विषय, पाठवणारा, तारीख, संदेश-क्रमांक, आकार, खुणा व मूळ फाइलमध्ये ते पत्र कुठे सुरू होते याचा ठावठिकाणा असतो. याबरोबरच कोणते पत्र कोणत्या संवादात बसते याचे तक्तेही असतात. स्थानिक फोल्डरांच्या बाबतीत हा थर मूळ फाइल वाचून पुन्हा उभा करता येतो.

दुसरा थर फोल्डरच्या स्वतःच्या माहितीचा. ‘डीबी-फोल्डर-इन्फो’ नावाची एकच ओळ असते आणि तीत दोन जातींच्या गोष्टी शेजारी शेजारी राहतात. एकूण पत्रे किती, न वाचलेली किती, मूळ फाइलचा आकार किती, काढून टाकलेल्या पत्रांनी अडवलेले बाइट किती, ही सगळी मोजदाद आहे व ती केव्हाही पुन्हा करता येते. परंतु त्याच ओळीत क्रम कशावरून लावायचा, चढता की उतरता, पत्रे संवादांत गुंफून दाखवायची की सुटी, फक्त न वाचलेली दाखवायची का आणि कोणते रकाने कोणत्या क्रमाने दिसावेत, ही तुमची निवड असते. रकान्यांची निवड ‘कॉलमस्टेट्स’ या नावाखाली जेसन या मजकुरी नोंद-पद्धतीत सापडेल. क्रमाच्या प्रकाराला आकडे आहेत: १८ म्हणजे तारखेनुसार, दिशेसाठी १ म्हणजे चढता आणि २ म्हणजे उतरता. मांडणीच्या खुणा पुन्हा बेरजेच्या आहेत: संवादांत गुंफण्यासाठी १, आणि सोळाच्या पायात लिहिल्यास ‘फक्त न वाचलेली’साठी १०, तर गट पाडून दाखवण्यासाठी ४०. ही निवड पत्रांवरून कोणालाही काढता येणार नाही, कारण ती पत्रांत नाहीच.

तिसरा थर अनेकांना माहीतच नसतो. ‘सेव्ह्ड सर्च’ म्हणून आपण जो आभासी फोल्डर करतो, त्याची व्याख्या प्रोफाइलमधील ‘व्हर्च्युअलफोल्डर्स.डॅट’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये असते: कोणत्या फोल्डरांत शोधायचे, कोणत्या अटी, सर्व्हरवर शोधायचे की नाही. या आभासी फोल्डराला स्वतःची एमएसएफ फाइल असते, मात्र पत्रे ठेवणारी एमबॉक्स फाइल नसते. मग शोधात सापडलेल्या पत्रांची यादी कुठे ठेवतात? ती ज्या फोल्डरांत शोधले त्या प्रत्येकाच्या एमएसएफ फाइलमध्ये, आभासी फोल्डराच्या पत्त्याच्या नावाने वेगळा तक्ता करून ठेवली जाते. आभासी फोल्डर उघडला की थंडरबर्ड आधी हे जुने तक्ते गोळा करून यादी झटकन दाखवतो, मग पडद्याआड खरा शोध घेतो आणि फरक आढळला तर शिळ्या नोंदी काढून नव्या घालतो. आधी दिसलेले एखादे पत्र दोन सेकंदांनी नाहीसे होते ते यामुळेच. आठ-दहा फोल्डरांवर पसरलेला एखादा आभासी फोल्डर मंद वाटत असेल, तर दुखणे बहुधा त्या फोल्डरांपैकी एकाच्या सारांशात असते. आभासी फोल्डर पुसून पुन्हा केल्याने ते बरे होत नाही. एकत्रित इनबॉक्स दाखवणारे ‘युनिफाइड फोल्डर्स’ हेही आतून आभासी फोल्डरच आहेत, म्हणून त्यांनाही हेच लागू पडते.

दोन गोष्टी एमएसएफमध्ये नसतात, हेही येथेच नोंदवतो. यादी तक्त्याच्या रूपात दाखवायची की कार्डांच्या, ही २०२३च्या ११५व्या आवृत्तीपासून मिळालेली निवड फोल्डरगणिक नसून सगळ्या प्रोफाइलसाठी एकच असते. आणि डावीकडच्या फोल्डरांच्या झाडात दिसणारे न वाचलेल्या पत्रांचे आकडे हे ‘फोल्डरकॅश.जेसन’ या आणखी एका टिपणातून येतात. जुन्या आवृत्त्यांत त्याचे नाव ‘पॅनॅशिया.डॅट’ होते. सुरू होताना शेकडो एमएसएफ फायली उघडाव्या लागू नयेत, म्हणून ही टिपणाचीही टिपणे. फोल्डरासमोर ‘३ न वाचलेली’ असे दिसते आणि आत एकही सापडत नाही, असे अनेक फोल्डरांच्या बाबतीत एकदम झाले, तर थंडरबर्ड बंद करून ही एक फाइल बाजूला काढून पाहावी. ती पुन्हा तयार होते.

पाचवी पायरी: सारांश शिळा झाला हे थंडरबर्ड कसे ठरवतो

स्थानिक फोल्डर उघडताना थंडरबर्ड एमएसएफमध्ये लिहून ठेवलेला मूळ फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ, या दोन गोष्टी डिस्कवरच्या फाइलशी ताडून पाहतो. जुळल्या नाहीत तर सारांश अविश्वसनीय ठरतो आणि मूळ फाइल पहिल्या ओळीपासून वाचण्याचे काम सुरू होते. त्या वेळी खालच्या पट्टीत सारांश-फाइल तयार होत असल्याची सूचना दिसते. वेळेच्या बाबतीत मात्र ४००० सेकंदांची, म्हणजे तासाहून थोडी जास्त, सवलत ठेवलेली आहे. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, आणि काही फाइल-प्रणालींवर त्यामुळे सगळ्या फायलींची वेळ तासाने सरकलेली दिसते; सवलत नसती तर वर्षातून दोनदा जगभरचे थंडरबर्ड सारी पत्रे पुन्हा वाचत बसले असते. भारतात घड्याळ कोणी हलवत नाही, पण परदेशी राहणाऱ्यांना ही सोय न कळत उपयोगी पडते.

यावरून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला: प्रोफाइल हलवताना वेळा टिकवणारी पद्धत वापरावी, नाहीतर नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी प्रत्येक फोल्डराचा सारांश नव्याने बनेल. दुसरा: अँटिव्हायरस प्रोग्रॅमला प्रोफाइल फोल्डरात लिहू देऊ नये. एमबॉक्समधल्या एका पत्रातील संशयास्पद जोडपत्र त्याने कापून काढले, तर फाइलचा आकार बदलतो. आणि त्याने सगळी फाइलच विलगीकरणात टाकली, तर इनबॉक्स रिकामा होतो.

आयमॅपचे गणित निराळे आहे. तेथे मूळ पत्रे सर्व्हरवर असतात आणि एमएसएफमधील प्रत्येक ओळ सर्व्हरने दिलेल्या क्रमांकाशी बांधलेली असते. फोल्डराच्या या क्रमांकांना सर्व्हर एक वैधता-आकडाही देतो. तो बदलला, की जुने सगळे क्रमांक रद्द समजावेत असा आयमॅपचाच नियम आहे. मग सारांश टाकून देऊन सगळी शीर्षके पुन्हा आणली जातात. टपालसेवा बदलल्यावर किंवा सर्व्हर दुसरीकडे हलवल्यावर अचानक सारे टपाल पुन्हा उतरू लागते, त्याचे कारण अनेकदा हेच असते. आयमॅप खात्याच्या फोल्डरात जी प्रत्यय नसलेली फाइल दिसते ती ऑफलाइन वाचनासाठी उतरवलेली प्रत असते, आणि तिच्यातले कोणते पत्र कुठे आहे हे एमएसएफलाच ठाऊक असते.

सहावी पायरी: दुरुस्ती, आणि पुसून टाकणे का टाळावे

यादीत पत्रांचे विषय एक आणि उघडल्यावर मजकूर दुसराच दिसणे, काढलेली पत्रे परत दिसणे, यादी रिकामी असूनही डिस्कवरची फाइल मोठी असणे, ही सारांश बिघडल्याची नेहमीची लक्षणे. अशा वेळी पुढील क्रमाने जावे.

आधी प्रोफाइलची प्रत आहे ना, हे पाहावे. मग एकाच, बिघडलेल्या फोल्डरावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘जनरल इन्फर्मेशन’ या भागातील ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण दाबावे. काम पूर्ण होईपर्यंत त्या फोल्डरात काहीही करू नये. फोल्डर मोठा असेल तर हा वेळ चहापुरता असतो, कधी जेवणापुरता. या मार्गाचा मोठा फायदा असा, की स्थानिक फोल्डराचा सारांश टाकून देण्यापूर्वी थंडरबर्ड दुसऱ्या थरातील ओळ, म्हणजे क्रम, रकाने आणि मांडणी, बाजूला काढून ठेवतो आणि नव्या सारांशात ती परत बसवतो. आकार किंवा वेळ न जुळल्याने सारांश आपोआप नव्याने बनतो तेव्हाही हेच होते. एमएसएफ फाइल हाताने पुसली, तर बाजूला काढून ठेवायला काही उरतच नाही.

हा फरक मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. एका छोट्या कार्यालयात तीन-चार फोल्डर बिघडले होते, म्हणून मी ऐटीत एका आज्ञेसरशी सगळ्याच एमएसएफ फायली पुसल्या. पत्रे शाबूत राहिली. परंतु तेथील बाईंनी चाळीसएक फोल्डरांत प्रत्येक पक्षकाराच्या गरजेप्रमाणे वेगवेगळे रकाने आणि क्रम लावून ठेवले होते, ते सगळे कोरे झाले. शिवाय खाते आयमॅपचे असल्याने संध्याकाळपर्यंत सगळे टपाल पुन्हा उतरत राहिले. त्या मला काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागले.

आयमॅप फोल्डराची दुरुस्ती करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. टॅग सर्व्हरवर ठेवता येतात, पण सर्व्हर अशा स्वतःच्या खुणा स्वीकारत असेल तरच. स्वीकारत नसेल तर ते टॅग केवळ या संगणकावरच असतात आणि सारांशाबरोबर जाऊ शकतात. तपासणी सोपी आहे: एका पत्राला टॅग लावावा, मग दुसऱ्या संगणकावरच्या थंडरबर्डमध्ये तेच खाते उघडून तो टॅग दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल, तर महत्त्वाच्या टॅगांची पत्रे आधी ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून ठेवावीत; तेथे टॅग मूळ फाइलच्या ओळीत लिहिला जातो.

‘रिपेअर’ने काम झाले नाही, किंवा एमएसएफ फाइल इतकी फाटली असेल की फोल्डर उघडताच थंडरबर्ड गोठत असेल, तरच हाताने काढण्याकडे वळावे. थंडरबर्ड बंद करावा, त्या एका फोल्डराचीच एमएसएफ फाइल प्रोफाइलच्या बाहेर, डेस्कटॉपवर हलवावी आणि पुन्हा सुरू करावे. जुने नाव बदलून फाइल तेथेच ठेवू नये. स्थानिक फोल्डरांच्या डिरेक्टरीत ओळखीचा प्रत्यय नसलेली फाइल दिसली, तर थंडरबर्ड तिलाही पत्रांचा फोल्डर समजू शकतो आणि झाडात ‘इनबॉक्स.एमएसएफ.जुनी’ असा एक भुताटकीचा फोल्डर उगवतो. आणि प्रत्यय नसलेल्या मूळ फाइलला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. सारांशाचे प्रयोग चुकले तर दुरुस्त होतात, एमबॉक्स पुसल्यावर स्थानिक पत्रे परत मिळण्याची वाट उरत नाही.

स्थानिक फोल्डर दुरुस्त झाल्यावर काढून टाकलेली जुनी पत्रे पुन्हा दिसू लागली, तर मूळ फाइलमधील त्यांच्या ओळीत ८ची खूण उमटलेली नव्हती असे समजावे. ती पुन्हा काढावीत आणि फोल्डरावर राइट-क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ चालवावे. कॉम्पॅक्ट आपोआप व्हावे अशी सोय आहे, पण ती सगळ्या फोल्डरांत मिळून ठरावीक जागा, सहसा २०० एमबी, मोकळी होणार असेल तेव्हाच जागी होते. दुरुस्तीनंतर तिची वाट पाहत बसू नये.

सातवी पायरी: मांडणी एकदाच ठरवणे

प्रत्येक फोल्डराची मांडणी त्याच्याच वहीत असल्यामुळे नव्वद फोल्डर म्हणजे नव्वद निवडी. ते टाळण्यासाठी एक फोल्डर मनासारखा लावून घ्यावा, मग यादीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील रकाने निवडण्याच्या बटणातून ‘अ‍ॅप्लाय करंट कॉलम्स टू’ आणि ‘अ‍ॅप्लाय करंट व्ह्यू टू’ यांपैकी हवे ते निवडून एखादा फोल्डर, किंवा तो फोल्डर आणि त्याची पिल्ले, असे लक्ष्य द्यावे. थंडरबर्ड तेव्हा त्या सगळ्या फोल्डरांच्या वह्यांत तीच नोंद लिहीत जातो. खात्याच्या मूळ नावावर हे लावले तर त्याखालील सर्व फोल्डर बदलतात, आणि मागे फिरण्याचे बटण नाही. म्हणून कोणाची वेगळी मांडणी मोडणार नाही ना, हे आधी पाहावे.

यापुढे तयार होणाऱ्या फोल्डरांसाठी ‘सेटिंग्ज’च्या तळाशी असलेला ‘कॉन्फिग एडिटर’ उघडून ‘मेलन्यूज.डिफॉल्ट_सॉर्ट_टाइप’ला १८, ‘मेलन्यूज.डिफॉल्ट_सॉर्ट_ऑर्डर’ला २ आणि ‘मेलन्यूज.डिफॉल्ट_व्ह्यू_फ्लॅग्ज’ला ० किंवा १ द्यावे. म्हणजे नवी पत्रे वर आणि संवाद सुटे किंवा गुंफलेले. ज्यांच्या वहीत आधीच स्वतःची नोंद आहे त्या फोल्डरांवर याचा परिणाम होत नाही. सेटिंग बदलूनही काही झाले नाही अशी तक्रार याच कारणाने येते. उलट, चौथ्या पायरीतील निवड गमावलेल्या फोल्डरांना ही सेटिंग्ज लगेच लागू होतात, त्यामुळे माझ्यासारखा उपद्व्याप कोणी करून बसला असेल, तर निदान सगळे फोल्डर एकसारखे तरी दिसतील.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी थोडे

मायक्रोसॉफ्ट आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये ही सारी सरमिसळ एकाच पोटात असते. पीएसटीची रचना मायक्रोसॉफ्टने २०१०मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यानुसार प्रत्येक फोल्डराबरोबर त्यातील पत्रांचा एक तक्ता असतो आणि यादीला लागणारे विषय, पाठवणारा, तारीख यांसारखे रकाने पत्रांतून उचलून त्या तक्त्यात पुन्हा लिहिलेले असतात. थंडरबर्डच्या पहिल्या थराचे काम हा तक्ता करतो. आपण केलेल्या मांडण्या मात्र त्याच फोल्डरातील न दिसणाऱ्या, लपवलेल्या संदेशांच्या रूपात राहतात. त्यामुळे आउटलुकमध्ये मांडणी पत्रांबरोबर प्रवास करते, ही सोय आहे. आणि बिघडलेली मांडणी एखादी फाइल पुसून काढता येत नाही, ही अडचण. एका फोल्डरासाठी ‘व्ह्यू’ टॅबवरील ‘रिसेट व्ह्यू’ पुरते. ‘क्लीनव्ह्यूज’ हा स्विच देऊन आउटलुक सुरू केल्यास मूळ मांडण्या परत येतात, पण स्वतः तयार केलेल्या सगळ्या मांडण्या कायमच्या जातात, म्हणून त्यांचे रकाने आणि गाळण्या आधी कागदावर उतरवून घ्याव्यात.

आठवी पायरी: नव्या संगणकावर नेताना

सगळे प्रोफाइल एकसंध नेणे हाच खात्रीचा मार्ग, कारण एमबॉक्स, एमएसएफ, ‘व्हर्च्युअलफोल्डर्स.डॅट’ आणि सेटिंग्ज एकमेकांच्या पत्त्यांवर अवलंबून असतात. जागा कमी असेल तर ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी.एसक्यूलाइट’ ही शोधाची अनुक्रमणिका मागे ठेवली तरी चालते. ती अनेकदा सगळ्यांत मोठी फाइल असते आणि नव्या जागी सावकाश पुन्हा बनते. एमएसएफ फायली मात्र त्यांचा आकार किरकोळ असताना मागे ठेवू नयेत. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल, तर चार जीबीहून मोठी एमबॉक्स फाइल त्यावर मावणारच नाही, हे नकलेला सुरुवात करण्याआधी पाहावे. नव्या संगणकावर थंडरबर्ड पहिल्यांदा उघडल्यावर दोन-तीन मोठे स्थानिक फोल्डर उघडून खालच्या पट्टीकडे लक्ष ठेवावे. सारांश तयार होत असल्याची सूचना आली नाही आणि रकाने पूर्वीसारखे दिसले, तर वेळा टिकल्या आहेत. सूचना आली, तर थंडरबर्ड मध्येच बंद न करता ते काम पुरे होऊ द्यावे.